पाहणारा डोळा आणि राखणारे दफ्तर: बँकांमधील सीसीटीव्हीचा इतिहास

#थ्रेड

१/ भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीला लागूनच वज्रेश्वरी देवीचे मंदिर आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि देवीला बोललेला नवस म्हणून हे मंदिर उभारले गेले, असे परंपरा सांगते. उंचावरची जागा, दगडी पायऱ्या, किल्ल्याला शोभेल असा तट. मे २०१९ मध्ये याच मंदिरावर सशस्त्र दरोडा पडला. रखवालदाराला बांधून दानपेट्या फोडण्यात आल्या. प्रकरण गणेशपुरी पोलीस ठाण्यात गेले. दरोडेखोरांना तटाने अडवले नाही. कॅमेऱ्याने मात्र टिपले.

२/ द्रव्याच्या रक्षणाचा भार तटाकडून चित्रणाकडे सरकला, हे आपल्या काळातील एक मोठे स्थित्यंतर आहे. ते सर्वाधिक व्यापक प्रमाणात घडले ते बँकांत. आज महानगरापासून खेड्यापर्यंत कोणत्याही शाखेत पाऊल ठेवा, छतावरचा कॅमेरा आपली नोंद घेतो. बँका जुनी यंत्रणा काढून नवी बसवतात, तेव्हा तो वरवर खरेदीचा विषय वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात ओळखीचे प्रश्न दिसतात: नोंद कोणी राखायची, किती काळ, आणि ती अस्सल आहे हे ठरवायचे कसे? या धाग्यात त्यांचाच मागोवा घेऊ.

३/ कॅमेऱ्याच्या आधी खजिन्यावर नजर कशी ठेवली जाई? मराठेशाहीत पोतनीस रोकडीचा हिशेब लिही आणि पोतदार नाणे पारखून घेई. पारखणारा हात वेगळा आणि लिहिणारा हात वेगळा. एकाने लबाडी केली तर दुसऱ्याच्या कामात ती उघडी पडावी, ही त्यामागची योजना. बँकेच्या तिजोरीघराला आजही दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहतात. तत्त्व तेच: एकट्या माणसावर विसंबू नये.

४/ दुसरी नजर कागदावर होती. मराठी राजपत्र संपले की अखेरीस ‘मोर्तब’ उमटे. लेखनाची सीमा येथे संपली, याखाली कोणी ओळ घुसडू नये, हा त्याचा अर्थ. लांब पत्र कागद जोडून लिहिले जाई, तेव्हा सांध्यांवर मागच्या बाजूने शिक्के मारले जात. मधला तुकडा बदलला तर शिक्का जुळणार नाही. दफ्तरात नोंद झाल्याचे ‘बार’ पडत, चांद्र तारीख आणि शुहूर सन लिहिला जाई. मजकूर, काळ आणि अखंडता या तिन्हींची हमी कागदावरच असे. हे तीन शब्द लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी ते पुन्हा लागतील.

५/ आता कॅमेऱ्याकडे. १२ एप्रिल १९५७ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एका बचत-कर्ज संस्थेवर दरोडा पडला आणि छुप्या कॅमेऱ्याने तो फिल्मवर टिपला. पाळतीच्या कॅमेऱ्यात सापडलेला हा आरंभीचा प्रसिद्ध बँक-दरोडा. चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि आरोपी लवकरच हाती आले. १९६८ मध्ये अमेरिकेने बँकांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कायदा केला. कॅमेरा चोराला थोपवत नाही, तो चोराची ओळख मागे ठेवतो, हे सूत्र तेव्हापासून रूढ झाले.

६/ आपल्याकडे वाट निराळी होती. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या सुमारे आठ हजार शाखा होत्या. पुढील दोन दशकांत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. विस्ताराचा मोठा भाग ग्रामीण होता. भाड्याची खोली, लोखंडी जाळीचा दरवाजा, तिजोरी, भोंगा आणि बंदूकधारी रखवालदार, ही त्या काळच्या शाखेची सुरक्षा. कॅमेरा ही तेव्हा चैन होती आणि वीज हाच मुळात भरवशाचा विषय नव्हता.

७/ कॅमेरे आले ते व्हिडिओ कॅसेटसोबत. साधी कॅसेट तीन तासांची, दिवस चोवीस तासांचा. तोडगा असा निघाला की सेकंदाला २५ चित्रे घेण्याऐवजी मोजकीच घ्यायची. तीन तासांची फीत चोवीस तास पुरवायची तर सेकंदाला जेमतेम तीन चित्रे हाती लागतात. काउंटरवरून पुडके उचलणारा हात एका चित्रात नोटांजवळ आणि पुढच्या चित्रात खिशात. मधले काहीच नाही. शिवाय त्याच कॅसेटवर पुन्हा पुन्हा चित्रण होई आणि दर फेरीला ती झिजे. संस्कृतात ‘पालिम्प्सेस्ट’ला नेमका शब्द नसेल, पण खरडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रासारखीच ही फीत.

८/ पुढची पायरी डीव्हीआर, म्हणजे हार्ड डिस्कवर चित्रण. कॅसेट बदलण्याची कटकट संपली. विसरण्याची पद्धत तेवढी बदलली. डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुन्या दिवसावर नवा दिवस लिहू लागते. कोणी पुसत नाही, तरी पुसले जाते. शाखेत वाद उद्भवला, ग्राहकाने महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार दिली, आणि तोवर तो दिवस डिस्कवरून नाहीसा झालेला, असे होऊ शकते. दफ्तराला वाळवी लागायला वर्षे लागत. येथे काही आठवडे पुरतात.

९/ मग चित्राची स्पष्टता. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याचे पूर्ण चित्र ७०४ × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख बिंदूंचे. आजच्या साध्या ‘फुल एचडी’ कॅमेऱ्यात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू. पाचपट फरक. हॉलच्या कोपऱ्यातून घेतलेल्या जुन्या चित्रात चेहऱ्याच्या वाट्याला अगदी थोडे बिंदू येत. ‘कोणीतरी होते’ एवढे त्यातून कळे; ‘कोण होते’ हे बहुधा कळत नसे.

१०/ या धूसरपणाची किंमत काय असते, यासाठी बँकेबाहेरचे एक उदाहरण पाहू. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ जणांचा मृत्यू झाला. मे महिन्यात एका तरुणाला अटक झाली आणि सीसीटीव्हीतील व्यक्तीशी त्याचे साम्य असल्याची चर्चा देशभर झाली. पुढे या स्फोटाच्या आरोपपत्रात त्याचे नाव नव्हते. धूसर चित्र नुसते निरुपयोगी ठरले असते तर एक वेळ चालले असते. ते पाहणाऱ्याला हवा तो चेहरा त्यात दिसू देते, हा खरा धोका. साधनचिकित्सा शिकलेल्या कोणालाही हा धडा नवा नाही.

११/ स्पष्टतेनंतर प्रश्न येतो दिशेचा. नवी मुंबईतील जुईनगर, नोव्हेंबर २०१७. दुसरा शनिवार आणि रविवार अशी सलग सुट्टी संपवून सोमवारी, १३ तारखेला, बँक ऑफ बडोदाची शाखा उघडली, तेव्हा सुमारे तीस लॉकर फोडलेले आढळले. चोरांनी महिने आधी लगतचा गाळा भाड्याने घेतला होता आणि तेथून भुयार खणून ते थेट लॉकरघरात उतरले होते. शाखेची सारी दक्षता दाराकडे तोंड करून उभी असते. शत्रू जमिनीखालून आला. सुरुंगाने बुरूज उडवण्याचे तंत्र ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला यात आश्चर्य वाटू नये.

१२/ म्हणूनच आधुनिक यंत्रणेत कॅमेरा एकटा नसतो. जमिनीची व भिंतीची थरथर ओळखणारे संवेदक, दाराचे संवेदक, आणि सूचना मिळताच त्या भागाचे चित्र मध्यवर्ती नियंत्रण कक्षात उघडणारी व्यवस्था असे सारे एकत्र जोडले जाते. चोवीस तास पडद्याकडे डोळे लावून बसणे माणसाला जमत नाही. शेकडो शाखा असतील तर मुळीच नाही. पाहणाऱ्याला ‘आता येथे पाहा’ असे सांगणे, हेच नव्या यंत्रणेचे मुख्य काम.

१३/ लॉकरच्या बाबतीत मोठा बदल न्यायालयातून आला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात निकाल देताना रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. १८ ऑगस्ट २०२१ रोजी ते आले. स्ट्राँगरूमचे प्रवेश-निर्गमद्वार आणि सामायिक वावराची जागा कॅमेऱ्याखाली असावी. चित्रण किमान १८० दिवस जपावे. नकळत लॉकर उघडल्याची वा चोरीची तक्रार आली तर पोलीस तपास आणि वाद संपेपर्यंत ते राखावे. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे वा कर्मचाऱ्याचा अपहार यांत बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरले.

१४/ ‘१८० दिवस’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. हिशेब करू. एक फुल एचडी कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या दराने चित्रण करतो असे धरले, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट होतात. १८० दिवसांचे जवळपास ३.९ टेराबाइट. शाखेत असे १६ कॅमेरे असतील तर ६२ टेराबाइट. आता हे शेकडो शाखांनी गुणा. एच.२६५ सारखी नवी संक्षेपपद्धती हा भार साधारण निम्मा करते. बँका जुनी यंत्रणा बदलतात त्यामागे चकचकीत कॅमेऱ्यांपेक्षा ही गोदामाची गरज अधिक असते.

१५/ इतिहासकाराच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण प्रसंग नोटाबंदीचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या. १३ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने शाखांचे व चलनपेट्यांचे ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर या काळातील चित्रण जपण्यास सांगितले. जून २०२१ मध्ये पुन्हा सूचना निघाली: पुढील आदेशापर्यंत ते नष्ट करू नये. कारण होते तपासाचे. परंतु ५३ दिवसांच्या त्या चित्रणात भारतातील एका अभूतपूर्व काळाचे रांगेतले चेहरे आहेत. एखाद्या गावच्या शाखेतल्या डिस्कवर उद्याच्या संशोधकाचे दफ्तर पडून असेल, ही कल्पना करून पाहा.

१६/ पण दफ्तर वाचता तर आले पाहिजे. मोडी येणारा माणूस नसेल तर रुमालात बांधलेले कागद मुके राहतात. डिजिटल नोंदीचे तसेच: प्रत्येक उत्पादकाची फाइल निराळी, ती उघडणारा प्रोग्रॅम निराळा. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. एवढे मोठे जाळे एकत्र येते तेव्हा नाना बनावटींची यंत्रे एका छताखाली येतात. ती परस्परांशी बोलावीत म्हणून २००८ मध्ये ‘ऑनव्हिफ’ या सामायिक मानकाचा आरंभ झाला. ती जणू कॅमेऱ्यांची बोलीभाषा नव्हे, प्रमाणभाषाच.

१७/ जाळ्याला जोडलेला डोळा बाहेरच्यालाही वापरता येतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या दुष्ट प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेत अनेक नामांकित संकेतस्थळे तासन्‌तास ठप्प केली. पहारेकरीच फितूर झाला! भारतातही एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट लागू झाली आहे.

१८/ पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला सायबर हल्ला याच्या उलट बाजूने पाहण्यासारखा आहे. ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्याला चेहरा नसतो. पण यंत्रातून नोटा उचलायला कोणाला तरी तेथे उभे राहावेच लागते. कोल्हापूरसह काही ठिकाणच्या एटीएमच्या चित्रणाने भारतातील माणसे शोधायला मदत केली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. अदृश्य गुन्ह्याचा शेवटचा दुवा दृश्यच होता.

१९/ चित्रण हाती आले, तरी न्यायालयात ते पुरावा कधी ठरते? देशभर लागू असलेले उत्तर जालन्याच्या प्रकरणातून आले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथील निकाल २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता, आणि निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण त्यात कळीचे ठरले. सारा वाद घड्याळाचा! अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले: डिजिटल नोंदीची प्रत सादर करायची तर कलम ६५-बचे प्रमाणपत्र आवश्यक. ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही, तर सर्व प्रयत्न केलेल्या पक्षकाराला त्याची शिक्षा नको.

२०/ बँकांसाठी या निकालाचा अर्थ थेट आहे. शाखेतील कॅमेऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, तर व्यवहाराच्या संगणकीय नोंदीशी चित्र जुळणार नाही. म्हणून सर्व शाखांची घड्याळे एकाच मध्यवर्ती वेळेला बांधणे हा आधुनिकीकरणाचा बिनखर्चिक पण कळीचा भाग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली एक ठसारूप संख्या. चित्रणातील एक बिंदू बदलला तरी ती संख्या बदलते.

२१/ आता चौथ्या भागातील तीन शब्द आठवा: मजकूर, काळ, अखंडता. चित्र हा मजकूर. जुळवलेले घड्याळ म्हणजे तारीख आणि ‘बार’. हॅश म्हणजे मोर्तब आणि सांध्यावरचा शिक्का. पंतांच्या फडावर जी काळजी घेतली जाई, तीच आज डेटा सेंटरमध्ये घेतली जाते. राजवाड्यांनी बखरींवर विसंबण्यापेक्षा अस्सल पत्रे शोधण्याचा आग्रह धरला. मोबाइलवर फिरत आलेली चित्रफीत आणि मूळ यंत्रातून हॅशसह काढलेली प्रत यांत तोच भेद आहे.

२२/ एक बाजू मात्र विसरता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. कॅमेऱ्याखाली दरोडेखोर क्वचित येतो. रोज येतात ते पेन्शन काढणारे वृद्ध, कर्ज मागणारे शेतकरी आणि काउंटरवर बसलेले कर्मचारी. लॉकरसमोर उभ्या असलेल्या बाईने कोणता दागिना बाहेर काढला, हे कॅमेऱ्याला कळण्याचे कारण नाही. इतिहासकाराला सारे जपावेसे वाटते; नागरिकाला विसरले जाण्याचाही हक्क हवा. किती राखावे याइतकेच केव्हा पुसावे हेही नियमाने ठरलेले असावे, आणि कोणी पाहिले याचीही नोंद असावी.

२३/ कॅसेटपासून मध्यवर्ती कक्षापर्यंतचा हा प्रवास एका वाक्यात सांगायचा तर: डोळे स्वस्त झाले, स्मृती महाग राहिली. बँकेने किती कॅमेरे बसवले यावरून तिची यंत्रणा जोखू नका. विचारा, चित्रण किती दिवस राहते, घड्याळ कोण लावतो, प्रत कोणाच्या सहीने निघते.

२४/ आणि एक व्यवहाराची गोष्ट. शाखेत वा एटीएमवर वाद झाला तर थांबू नका. तारीख, अंदाजे वेळ, काउंटर किंवा एटीएमचा क्रमांक लिहून ‘या वेळेचे चित्रण जपून ठेवावे’ असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. यंत्र आपल्या गतीने विसरत असते. त्याआधी तुमची नोंद दफ्तरी पडली पाहिजे.

तुमच्या गावच्या जुन्या शाखेची, पतपेढीची, तिथल्या तिजोरीची वा भोंग्याची आठवण असेल तर खाली जरूर लिहा. ती नोंदही दफ्तरात यायला हवी.

(धागा समाप्त)